ओवळ्या डब्यातला पेनड्राइव्ह

दसऱ्याच्या सकाळी अकरा वाजून बावीस मिनिटांनी आमच्या मंडळाच्या वाचनालयातला संगणक आपण होऊन लिहू लागला. वेळेबद्दल शंका नाही. मुहूर्त अकरा चाळीसला संपत होता आणि खोलीतली निम्मी माणसं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. उरलेली निम्मी पडद्याकडे बघत होती. संगणकापुढे मंडळाचे अध्यक्ष बसले होते, पण त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. कीबोर्डवर झेंडूचं फूल होतं.

मी एकतीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. काय घडलं ते आधी सांगावं आणि कसं घडलं ते नंतर, हे तिथे पहिल्या आठवड्यात शिकवतात. काय घडलं ते सांगून झालं.

उज्जैनमधल्या आमच्या मंडळात दोन प्रकारची मराठी घरं आहेत. एक, जी दरबाराच्या चाकरीत दोनअडीचशे वर्षांपूर्वी इकडे आली. दुसरी, जी रेल्वे, बँक आणि शाळांच्या नोकऱ्यांमुळे आली. पहिल्यांकडे कागद असतात, दुसऱ्यांकडे बदल्यांचे किस्से. हे दोन्ही गोळा करून ठेवावं असं ज्यांच्या मनात आलं त्या बाई बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना काकू म्हणतात. त्या माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत. मीही काकूच म्हणतो.

काकू घरोघरी जाऊन मोडीतली पत्रं, लग्नपत्रिका, गटागटाने काढलेले फोटो आणायच्या, वाचनालयातल्या स्कॅनरवर त्यांच्या प्रती घ्यायच्या आणि मूळ वस्तू परत करायच्या. फोटोखालच्या ओळी मी लिहायचो. दोन वर्षांत त्यातल्या बऱ्याच मूळ वस्तू राहिल्या नाहीत. एक घर पुण्याला गेलं आणि जाताना ट्रंक कुणाला तरी देऊन गेलं. एका घरात क्षिप्रेचं पाणी शिरलं. एका सुनेने दिवाळीच्या साफसफाईत सगळं रद्दीत घातलं आणि तसं फोनवर मोकळेपणाने सांगितलंही. म्हणजे ही घरं आता दोनच ठिकाणी उरली होती: मंडळाच्या संगणकात, आणि तळहाताएवढ्या एका काळ्या डिस्कमध्ये. काकूंची दोन वर्षं तेवढ्यातच होती.

म्हणून काकूंचे नियम होते. बाहेरची कुठलीही वस्तू संगणकाला थेट लागणार नाही. पेनड्राइव्ह नाही, माउस नाही, चार्जिंगसाठी मोबाइलसुद्धा नाही. टेबलावर स्टीलचे दोन डबे असत. तपासलेल्या वस्तू एकात, न तपासलेल्या दुसऱ्यात. मंडळींनी थट्टेने त्यांना सोवळा डबा आणि ओवळा डबा म्हणायला सुरुवात केली, तर काकूंनी दुसऱ्या दिवशी तशा चिठ्ठ्याच चिकटवल्या. त्यांचं म्हणणं असं की घरी त्या काही पाळत नाहीत, एकादशीला कांदाभजी खातात. पण संगणकाला पाळावं लागतं. ओवळ्या डब्यातली वस्तू आधी एका जुन्या लॅपटॉपला लागायची. त्या लॅपटॉपला इंटरनेट नव्हतं आणि त्याच्या पोटात हरवण्यासारखं काहीही नव्हतं. तिथे ती नीट वागली तरच तिला बढती मिळे.

अध्यक्षांना भाच्याने एक माउस भेट दिला होता. त्यात लाल-निळे दिवे लागत. तपासणी होईपर्यंत तो आठ दिवस ओवळ्या डब्यात होता. अध्यक्ष रोज येऊन झाकण उघडून त्याच्याकडे बघून जात.

डिस्क मात्र सोवळ्या डब्यात. शनिवारी सकाळी काकू ती जोडत, आठवड्याचं काम तिच्यात उतरवत आणि लगेच काढून घेत. ती कायमची जोडून का ठेवत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी सांगितलं की संगणकाला काही झालं तर जोडलेल्या डिस्कलाही तेच होतं. तिचा उपयोग ती लांब असते तोवरच.

श्रावणात पुस्तकं परत टाकायच्या पेटीत एक पाकीट सापडलं. आत चांदीच्या रंगाचा पेनड्राइव्ह होता. पाकिटावर निळ्या शाईत हिंदीत लिहिलं होतं: पुराने फ़ोटो, आपके संग्रह के लिए। नाव नाही, फोन नाही. काकूंनी ते पाकीट दोन बोटांत धरून ओवळ्या डब्यात टाकलं. त्याच आठवड्यात जुना लॅपटॉप बंद पडला. फ्रीगंजच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं की पार्ट उद्या येईल. तो दसऱ्यापर्यंत रोज उद्या येत होता.

अध्यक्षांची अडचण वेगळी होती. त्यांचं घर दरबारी. खापरपणजोबांची सही असलेले चार कागद त्यांच्याकडे होते, पण खापरपणजोबांचा फोटो नव्हता. तो कुणाकडे तरी असणार यावर त्यांचा विश्वास होता, आणि पेटीत पाकीट पडल्यापासून तो त्या पेनड्राइव्हमध्येच आहे यावर विश्वास बसला होता.

"काकू, एकदा लावून तर बघू," ते म्हणायचे. "डंख थोडीच मारणार आहे?"

"मारला तर तुम्हाला कळणार कसं?" काकू म्हणायच्या. "कळेल मला, महिन्याभराने."

आता दसऱ्याची पद्धत. आमच्या मंडळात नवमीला सगळी हत्यारं वाचनालयातल्या लांब पाटावर मांडतात. हत्यार म्हणजे ज्याचं जे काम त्याचं जे साधन ते. त्या दिवशी त्यांना विश्रांती. दसऱ्याला सकाळी पूजा, आणि पूजा झाली की मुहूर्त संपायच्या आत प्रत्येक हत्यार एकदा चालवायचं. चालवलं नाही तर ते वर्षभर रुसतं, अशी समजूत आहे. आमच्यापैकी कुणी ती उघडपणे मानत नाही आणि कुणी मोडतही नाही.

त्या वर्षी पाटावर दाताच्या डॉक्टरांचा चिमटा आणि सळई होती, तबलजींची हातोडी होती, भैरवगढच्या छपाईचा लाकडी ठप्पा होता, कारण मंडळाच्या एक सदस्या तिथल्या कारागिरांकडून ती शिकून आल्या होत्या. माझं शाईचं पेन होतं. काकूंनी नवमीला कीबोर्ड, माउस आणि स्कॅनर पुसून ठेवले होते, आणि दोन्ही डबे टेबलावर तसेच झाकलेले ठेवून त्या घरी गेल्या होत्या.

दसऱ्याला सकाळी अध्यक्ष सगळ्यांच्या आधी आले. पाट थोडा रिकामा दिसतो आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी दोन्ही डबे पाटावर ओतले. मी दारात होतो, मी ते पाहिलं. हत्यारात सोवळं-ओवळं कसलं, असं ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मी डिस्कवर एक फूल ठेवलं. पेनड्राइव्ह झेंडूंमध्ये चांगला दिसत होता, हेही कबूल केलं पाहिजे.

काकू यायच्या होत्या. दुपारी देवाची सवारी, म्हणजे पालखी, निघणार म्हणून सकाळपासूनच रस्त्यांवर बॅरिकेड लागले होते, आणि त्यांची ऑटो तिसऱ्या बॅरिकेडला अडली. त्यांनी अध्यक्षांना फोन केले. अध्यक्षांचा फोन कोटाच्या खिशात होता आणि कोट खुंटीला होता. काकू उतरून चालत निघाल्या.

पूजेला राम घाटावरचे गुरुजी येतात. त्या दिवशी त्यांना आणखी चार पूजा होत्या. त्यांनी स्कूटर स्टँडवर लावता लावताच संकल्प सुरू केला. हळद, कुंकू, फुलं, आणि मग मूठभर अक्षता अशा जोराने टाकल्या की काही स्कॅनरखाली गेल्या. अकरा वाजून दहा मिनिटांनी आरती झाली. मग हत्यारं चालवायची गडबड उडाली.

तबलजींनी हातोडीने एकदा ठोकलं. ठप्प्याच्या बाईंनी जुन्या चादरीवर एक बुट्टी उमटवली, ती चादरीतून खालच्या टेबलक्लॉथवरही उमटली आणि आजही तिथे आहे. डॉक्टरांना चिमटा चालवायचा होता, पण दात द्यायला कुणी तयार होईना. शेवटी गुरुजींच्या विड्यातली लवंग त्यांनी उपटली. ती एका झटक्यात आली आणि गुरुजी म्हणाले, दर्द नहीं हुआ. लोक हसू लागले ते थांबेनात. मी कागदावर श्री लिहिलं. पेन गळलं आणि श्रीला शेपूट आली.

मग संगणकाची पाळी आली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. काकूंची हत्यारं रुसू द्यायची का, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो विचारताना ते खुर्चीवर बसलेही होते. त्यांनी संगणक सुरू केला. स्कॅनरवर स्वतःचाच तळहात ठेवून एक प्रत काढली. मग कुंकवाचा ठिपका लागलेला तो चांदीचा पेनड्राइव्ह उचलला, डोळे मिटले आणि लावला.

दोन सेकंद काही झालं नाही. मग पडद्यावर एक काळी चौकट उघडली आणि तीत पांढरी अक्षरं पळू लागली. कुणीही टंकत नव्हतं. ओळीमागून ओळ येत होती, माझ्या डेस्कवरच्या सगळ्यात जलद माणसाच्या तिप्पट वेगाने. गुरुजी वाकून बघू लागले.

"बिना हाथ लगाए?" त्यांनी विचारलं.

अध्यक्षांनी मान डोलावली. त्यांचा चेहरा खुलला होता. फोटो मोठे असतील, उघडायला वेळ लागतो आहे, असं त्यांनी सगळ्यांना समजावलं. ठप्प्याच्या बाईंनी हात जोडले. कुणीतरी शंख कुठे आहे विचारलं. मला वाटतं मीही हसत होतो; खोलीत सगळेच हसत होते, लवंगेपासूनचं हसू संपलेलं नव्हतं. आणि घड्याळात अकरा तेवीस झाले होते. म्हणून अध्यक्षांनी वेळ न घालवता डिस्क उचलली. तिचंही एकदा चालवणं बाकी होतं.

तेव्हा काकू दारात आल्या. चपला हातात होत्या. त्यांनी आधी पडदा पाहिला, मग अध्यक्षांचा हात.

"अध्यक्ष, डिस्क खाली ठेवा."

"अहो काकू, या, या. मुहूर्त चालू आहे, बस एक मिनिट."

"जोडू नका. भाऊ, वायर खेचा. संगणकाची."

भाऊ म्हणजे मी. टेबलाच्या मागे भिंतीत एकाच बोर्डावर तीन वायरी होत्या. मी पहिली खेचली आणि पंखा बंद पडला. दुसरी खेचली आणि आरतीपासून मंद चालू असलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा बंद पडला. या दोन वायरींना लागलेल्या वेळात अध्यक्ष डिस्कची पिन संगणकात खुपसायचा प्रयत्न करत होते. ऐकलं नव्हतं असं नाही. हात आधीच निघाला होता आणि तो परत बोलवायला त्यांना वेळ लागत होता. पिन जाईना. त्यांनी ती उलटी केली. जाईना. पुन्हा सुलटी केली. काकू पाटावरून उडी मारून पलीकडे आल्या. साठी ओलांडलेल्या, साडी नेसलेल्या बाईंनी अडीच फूट रुंद पाट ओलांडला आणि एक फूलसुद्धा हललं नाही, हे तिथे असलेल्या सगळ्यांनी नंतर वेगवेगळ्या वेळी सांगितलं तरी एकसारखंच सांगितलं. मी तिसरी वायर खेचली. पडदा काळा झाला.

कुणी हसत नव्हतं.

"लागली होती का?" काकूंनी डिस्क हातात घेत विचारलं.

"नाही," अध्यक्ष म्हणाले. "जातच नव्हती."

"नक्की?"

"नक्की. तीनदा प्रयत्न केला ना." मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं. "काकू, गेलं का सगळं?"

संगणकातलं गेलं असं धरून चालायचं, त्या म्हणाल्या. डिस्कमधलं आहे. मग त्या खाली बसल्या, आणि कुणीतरी दिलेलं पाणी त्यांनी दोन घोटांत प्यायलं.

गुरुजींना पुढच्या पूजेला उशीर होत होता, तरी ते गेले नाहीत. हे काय होतं ते त्यांना समजून घ्यायचं होतं. काकूंनी सांगितलं की ही वस्तू दिसते पेनड्राइव्हसारखी, पण जोडली की संगणकाला सांगते, मी कीबोर्ड आहे. संगणक कीबोर्डला कधी विचारत नाही की तू कुणाचा. त्याला वाटतं मालकच टंकतो आहे. मग ती वस्तू जे टंकेल ते तो करतो.

गुरुजींना हे फारच लवकर पटलं. घाटावर रोज हेच चालतं, ते म्हणाले. गळ्यात माळ घालून कुणीही येतो आणि यजमानाला सांगतो, मी तुमच्या घराण्याच्या पंडितांचा पुतण्या. खरा असेल तर त्याला यजमानाचं गाव, गोत्र आणि पणजोबा माहीत असतात. त्यांच्या वडिलांचा नियम होता: आधी विचारा, मग पाट द्या. मग त्यांनी संगणकाकडे जरा दयेने पाहिलं. "इसने सीधे पाट दे दिया."

राहिला डिस्कचा प्रश्न. अकरा छत्तीस झाले होते. पूजा झाली, पण ती चालवलेली नव्हती, आणि आता जोडायला जागा नव्हती. ही गोष्ट कुणी मोठ्याने काढली नाही. पण सगळे डिस्ककडे बघत होते, आणि कधीही काही न पाळणाऱ्या काकूही बघत होत्या. दोन वर्षांचं काम तिच्यात होतं. ज्याच्यापाशी तेवढंच उरलेलं असतं त्याला कशाचीही जोखीम नको असते.

गुरुजींनी विचारलं, "इसका काम क्या है?"

"लांब राहणं," काकू म्हणाल्या.

"तो वही करवाइए."

काकूंनी डिस्क सोवळ्या डब्यात ठेवली, तिची वायर गुंडाळून वर ठेवली आणि झाकण लावलं. टक्क असा आवाज झाला. गुरुजींनी घड्याळ पाहून सांगितलं की डिस्क चालली, आणि स्कूटरला किक मारली.

पुढच्या आठवड्यात काकूंनी संगणक पूर्ण पुसून नव्याने उभा केला. आता त्याला नवा कीबोर्ड जोडला तर तो पडद्यावर सहा आकडे दाखवतो आणि ते टंकल्याशिवाय कुणाचं काही ऐकत नाही. पडद्यावरचं वाचायला डोळे लागतात आणि ते त्या वस्तूला नाहीत, एवढं मला समजलं. फ्रीगंजचा पार्टही याच आठवड्यात आला. जुन्या लॅपटॉपवर त्या चांदीच्या वस्तूची तपासणी झाली. तिच्यात एकही फोटो नव्हता. फोटो ठेवायला तिच्यात जागाच नव्हती. ती कुणी टाकली हे कळलं नाही, आणि अंदाज बांधायला माझ्याकडे आधार नाही. अध्यक्षांनी निकाल ऐकला, आपला दिव्यांचा माउस संगणकावरून स्वतःहून काढून ओवळ्या डब्यात ठेवला आणि पेपर वाचत बसले.

शनिवारी सकाळी डिस्क जोडायची होती. कुणी बोलावलं नव्हतं तरी दसऱ्याची सगळी मंडळी आली होती. गुरुजीही आले, त्यांनी सांगितलं की इकडून चालले होते, पण राम घाट आमच्या इकडे नाही. काकूंनी झाकण काढलं, पिन धरली, संगणकाला लावली. जाईना. त्यांनी उलटी केली. जाईना. त्यांचा हात थांबला. मी त्यांच्यामागे उभा होतो. मान एका बाजूला झालेली दिसली, चेहरा दिसला नाही.

"द्या इकडे," दाताचे डॉक्टर म्हणाले. त्यांनी खिशातून लहान टॉर्च काढला आणि पिनच्या तोंडात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी आवाज बदलला, जसा ते दवाखान्यात बदलत असणार. "अक्षत आहे. आत आडवी अडकली आहे. घाबरू नका."

पाटावर पूजलेली सळई त्यांच्याकडेच होती. दोन हालचालींत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा बाहेर आला. पिन आत गेली. सहा आकडे कुणी विचारले नाहीत, ते फक्त कीबोर्डसाठी असतात. डिस्कला काकूंनी आधीच ओळख दिली होती. पडद्यावर फोल्डर उघडलं आणि एकेक घर परत आलं: पुण्याला गेलेलं, पाण्यात गेलेलं, रद्दीत गेलेलं. खाली माझ्या ओळी होत्या, शुद्धलेखनाच्या दोन चुकांसह.

काकू हसू लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत, आणि मग आवाज करत. दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग डॉक्टर हसू लागले, मग गुरुजी, आणि ठप्प्याच्या बाई टेबलक्लॉथवरच्या त्या बुट्टीवर डोकं टेकून हसल्या. डिस्क वाचली ती नियमामुळे नाही, माझ्या वायरीमुळे तर नाहीच, हे सगळ्यांना एकाच वेळी कळलं होतं. अध्यक्ष तेवढे गंभीर होते. त्यांनी तो दाणा तळहातावर घेतला होता. हा जपून ठेवला पाहिजे, ते म्हणाले, आणि सोवळा डबा उघडायला गेले.

काकूंनी डोळे पुसले आणि दुसरा डबा पुढे सरकवला.

"यात टाका," त्या म्हणाल्या. "बाहेरून आलेला आहे."